जुनी गाडी चालू होईना: आधी आवाज ऐका, पाना नंतर उचला

चावी फिरवल्यावर गाडी नेमकं काय करते, तिथून सुरुवात करा. खालच्यापैकी तुमचं लक्षण कोणतं ते आधी ठरवा.

– काहीच नाही. मीटरचा दिवा नाही, हॉर्न नाही.
– दिवे लागतात, पण चावी पुढे ढकलली की एक "टक्", बस. किंवा सलग "टकटकटकटक" आणि दिवे एकदम मंद.
– सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटार) फिरतो, पण जड, थांबत थांबत.
– सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडतच नाही.
– सेल्फ "सुंईऽ" करून नुसताच पळतो, इंजिन जागचं हलत नाही.
– सकाळी अर्ध्या सेल्फात चालू होते, पण दुपारी उन्हात पाच मिनिटं बंद केली की पुन्हा नाव घेत नाही.
– चालू होते आणि दोन सेकंदांत बंद पडते.

पहिली तीन लक्षणं असतील तर पेट्रोल, प्लग, कार्बोरेटर यांच्याकडे बघूसुद्धा नका. ते दुखणं बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या रस्त्यातच कुठेतरी आहे. सेल्फ जोरात फिरत असेल तर बॅटरीला हात लावायचं कारण नाही, तिथे प्लगची ठिणगी नाहीतर पेट्रोल कमी पडतंय. एवढी एक वाटणी नीट केली तरी अर्धं काम होतं. पण लोक नेमकं उलटं करतात. सेल्फ "टक्" म्हणतोय आणि प्लग बदलून झालेत, अशा गाड्या माझ्याकडे सारख्या येतात.

मी अंबाजोगाईत जुन्या गाड्यांचं वायरिंग आणि सेल्फ-डायनामोचं काम करतो. मारुती एट हंड्रेड, ओम्नी, झेन, इंडिका, सुमो, कमांडर जीप, अधूनमधून एखादी ॲम्बेसिडर. एट हंड्रेड २०१४ला बंद झाली, ओम्नी २०१९ला, पण आमच्याकडे बीड-लातूर-परभणीच्या खेड्यांत या गाड्या अजून रोज चालतात. शेतात जायला, बाजाराला, रात्री पेशंट घेऊन दवाखान्यात. म्हणून हे सविस्तर लिहितोय. रात्री दोन वाजता गाडी चालू झाली नाही तर तिथे मिस्त्री मिळत नाही, आणि निम्म्या वेळा मिस्त्रीची गरजही नसते.

हात घालण्याआधी गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, विडी-सिगारेट विझवा, हातातली अंगठी-कडं काढून ठेवा. पान्याने किंवा कड्याने बॅटरीची दोन टोकं जोडली गेली तर क्षणात भाजतं.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

सेल्फ जोरात फिरत असेल तर आधी पेट्रोल. हसण्यासारखी गोष्ट नाही. जुन्या गाडीच्या टाकीतला फ्लोट अडकतो आणि काटा पाव टाकी दाखवत राहतो, आत मात्र ठणठणाट असतो. शंका असेल तर दोन-तीन लिटर ओता. गाडी उतारावर तिरकी उभी असेल आणि पेट्रोल कमी असेल तरी पंपाला ओढता येत नाही. ती सपाटीवर घ्या.

मग चोर स्विच. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाने सीटखाली, डॅशबोर्डच्या मागे किंवा फ्यूजबॉक्सजवळ एखादा लपवलेला स्विच बसवला आहे का, ते त्याला विचारून घ्या. गुडघा लागून तो बंद होतो आणि चांगली गाडी "मेली" म्हणून टोचन लावून येते. गॅस किट असलेल्या गाडीत गॅस-पेट्रोलचा स्विच मधल्या जागेवर राहिला तर दोन्ही बंद असतात. कायम गॅसवर चालवलेल्या गाडीत पेट्रोल महिनोन्‌महिने तसंच पडून जुनं होतं, हेही लक्षात ठेवा.

नंतरच्या गाड्यांत चावीत चिप असते. मीटरवर चावीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत असेल तर दुसरी चावी लावून बघा. दुसऱ्या चावीने चालू झाली तर बाकी काही उघडू नका.

बॅटरीची टोकं: इथे घाई करू नका

परवाच धारूरकडच्या एका मामांचा फोन आला. "भाऊ, बॅटरी बसली वाटतं. नवी घिऊन येऊ का?"

"आणू नका मामा. आधी बॉनेट उघडा आन् बॅटरीच्या दोन्ही टोकांचा फोटो पाठवा."

फोटोत दिसलं ते असं: प्लसच्या टोकावर हिरवट-पांढरी पावडर दाट साचलेली, आणि क्लॅम्प सैल होता म्हणून त्यात कुणीतरी पत्र्याचा तुकडा दुमडून ठोकलेला. अशी पाचर मारलेल्या क्लॅम्पवर सेल्फ कधीच भरवशाने फिरत नाही.

कारण साधं आहे. मीटरचे दिवे एक-दोन अँपिअरवर लागतात. सेल्फला शंभरच्या वर अँपिअर लागतात. टोकावर पावडर असेल किंवा क्लॅम्प फक्त एका कडेला टेकत असेल, तर दिव्यापुरता करंट आरामात जातो, सेल्फपुरता जात नाही. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार आहे आणि मध्ये अर्ध्या इंची नळी जोडली, तर विहिरीत पाणी कितीही असलं तरी वाफ्यात किती येणार? "दिवे तर लागतात, म्हणजे बॅटरी चांगली" हा अंदाज म्हणूनच फसतो, आणि "सेल्फ फिरत नाही, म्हणजे बॅटरी गेली" हाही.

क्लॅम्प हाताने पिळून बघा. जराही फिरला तर सैल आहे. मग पाच सेकंद सेल्फ मारायचा प्रयत्न करा, चावी बंद करा आणि लगेच दोन्ही क्लॅम्पना बोट लावून बघा, आधी अलगद, कारण चटका बसू शकतो. एक गार आणि एक गरम लागला तर गरम लागतो तोच चोर. या तपासणीला काही लागत नाही, आणि मी आजही मीटरच्या आधी हीच करतो.

साफ करताना मायनसचा क्लॅम्प आधी काढा, प्लसचा नंतर. बहुतेक गाड्यांत दहा नंबरचा पाना लागतो. लावताना उलटं, मायनस शेवटी. मायनस आधी का? तो काढलेला असला की पान्याचा धक्का बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. पावडरवर गरम पाण्यात खायचा सोडा मिसळून ओता. फेस येऊन सगळं निघतं, फक्त ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. मग खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. क्लॅम्प फाटलेला असेल तर नवा घ्या. पाचर मारू नका.

बॅटरी स्वतः

तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर जुनी गाडी असणाऱ्या प्रत्येकाने घरात ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू न करता, बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी उतरली. १२च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. आता कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. १०च्या आसपास टिकला तर बॅटरी झेपवतेय. ८-९वर कोसळला तर बॅटरी उतरलेली आहे नाहीतर आतून संपलेली. कोणतं ते चार्ज करून पुन्हा मोजल्यावर कळेल. रात्रभर चार्ज करूनही सेल्फ मारताना कोसळत असेल तर ती बॅटरी सोडा.

आकडा १२.५ आहे, सेल्फ मारताना फारसा उतरतही नाही आणि तरी सेल्फ गप्प आहे? मग बॅटरी निर्दोष आहे. चार-पाच हजार वाचले. पुढच्या तपासणीकडे चला.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाणी बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३वर जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असतं. बॅटरीतलं पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात आणि तेवढा भाग कायमचा कामातून जातो. उन्हाळ्यात खराब झालेली बॅटरी दिवाळीनंतर थंडी पडली की अचानक जड वाटायला लागते, कारण थंडीत तिची ताकद कमी होते आणि इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं. म्हणून पाणी एप्रिलमध्ये बघा आणि मेमध्ये पुन्हा बघा.

आणि त्यात बोअरचं पाणी टाकू नका. हात जोडून सांगतो. आपल्या भागातलं बोअरचं पाणी किती जड आहे ते घरातल्या गीझरच्या कॉइलवर दिसतं. त्यातले क्षार आणि लोह प्लेटांवर बसतात आणि बॅटरी उभ्या-उभ्या उतरायला लागते. फिल्टरचं पाणीसुद्धा नको. डिस्टिल्ड वॉटरची बाटली किरकोळ किमतीत कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळते. प्लेटा बुडून थोडं वर येईल एवढंच टाका. वरून ॲसिड टाकायचं नाही.

गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. १२.५च्या खालीच अडकला असेल तर डायनामो चार्ज करत नाहीये, आणि नवी बॅटरी घातली तरी ती दोन दिवसांत बसेल. उलट १५च्या वर गेला तर कटआउट (डायनामोचं व्होल्टेज आवरणारा भाग) खराब आहे, तो बॅटरीचं पाणी उकळून टाकतो.

दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना

कार किंवा ट्रॅक्टरवरून घ्या. बहुतेक ट्रॅक्टर १२ व्होल्टचे असतात, तरी बॅटरीवर वाचून खात्री करा. ट्रकवरून घेऊ नका, मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्याला मदतीला ट्रकच थांबतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या कोऱ्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटचं टोक लावताना ठिणगी पडते, आणि ती बॅटरीजवळ पडली तर बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळणारी असेल तर हे करूच नका.

धक्का स्टार्ट कार्बोरेटरच्या गाडीला चालतो: चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ढकला, वेग आला की क्लच सोडा. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण बसलेली असेल तर पंप आणि कॉम्प्युटरलाच करंट नसतो, नुसता घाम निघतो. शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो महागडा भाग खराब होऊ शकतो. ऑटोमॅटिक गाडीला धक्का लागू होत नाही.

अर्थिंग

बॅटरीचा मायनस बॉडीला जातो आणि बॉडीपासून एक जाड पट्टी किंवा वायर इंजिनला जाते. ही पट्टी खाली, चिखलात आणि ऑइलमध्ये असते, म्हणून कुणी बघत नाही. जुन्या गाडीत ती गंजून दोन-चार तारांवर लटकलेली असते. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे पट्टी तुटली की सेल्फचा परतीचा रस्ताच बंद होतो. मग करंट क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परतायला बघतो. ॲक्सिलरेटरची केबल गरम लागली किंवा तिचं आवरण वितळलेलं दिसलं, तर शंभर टक्के अर्थिंग गेलं आहे.

तपासायला जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनच्या साफ लोखंडाला लावा आणि सेल्फ मारा. फिरला? नवी अर्थिंग पट्टी टाका, दोन्ही टोकांचा रंग-गंज खरवडून आवळा. माझ्याकडे "सेल्फ खराब" म्हणून आलेल्या एट हंड्रेड आणि ओम्नीत हे इतक्यांदा निघतं की सेल्फ खोलायच्या आधी मी ही केबल लावल्याशिवाय राहत नाही.

"टक्" एवढंच येतं तेव्हा

टोकं चकचकीत, बॅटरी भरलेली, अर्थिंग पक्कं, तरी "टक्" किंवा तेही नाही. आता फ्यूज आणि रिले (बारीक करंटवर मोठा करंट सोडणारा स्विच) बघा. फ्यूज डोळ्याने चांगला दिसला तरी टेस्ट लॅम्पने दोन्ही बाजू तपासा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घाला. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद किंवा तार घातलेली गाडी मी जळालेली पाहिली आहे. तोच फ्यूज पुन्हा उडाला तर थांबा, कुठेतरी शॉर्ट आहे.

जुन्या मारुतीत आणखी एक दुखणं असतं. चावीच्या स्विचमधून सेल्फच्या सोलेनॉइडला (सेल्फवरचा मोठा स्विच, "टक्" त्याचाच) जाणारी बारीक वायर लांब असते, स्विचचे कॉन्टॅक्ट जळालेले असतात, आणि १२ व्होल्ट निघाले तरी तिकडे ८-९च पोचतात. गार असताना भागतं, गरम झालं की नुसती टकटक. यावर इलाज म्हणजे एक रिले, जो सोलेनॉइडला बॅटरीवरून थेट करंट देतो. कुठलाही चांगला इलेक्ट्रिशियन तासाभरात बसवतो. यासाठी अख्खा सेल्फ बदलून घेऊ नका.

सेल्फच्या बॉडीवर लाकडी दांड्याने हलकं ठोकल्यावर फिरला तर आतले कार्बन ब्रश झिजलेत. ही घरी पोचण्यापुरती युक्ती आहे. कार्बन बदलायला फार खर्च नसतो, पण ठोकत-ठोकत चालवलं तर आर्मेचर (सेल्फच्या आतला फिरणारा भाग) जातं आणि मग खर्च होतो. "सुंईऽ" करून नुसता पळणारा सेल्फ म्हणजे बेंडिक्स (सेल्फचं इंजिनात अडकणारं दातेरी चाक) घसरतंय किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेलेत. ते काम खोलूनच होतं.

एका वेळी सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. सलग मारत राहिलात तर बॅटरी उतरते, सेल्फ तापतो, आणि एका दुखण्याची दोन दुखणी होतात.

उंदीर

सोयाबीन घरात येऊन पडलं की दिवाळीच्या सुमारास उंदरांनी वायरी कुरतडलेल्या गाड्यांची रांग लागते. गाडी गोठ्याशेजारी किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी असेल तर बॉनेट उघडल्यावर आधी लेंड्या, कडब्याचे तुकडे, सोयाबीनची टरफलं दिसतात का बघा. दिसली तर सेल्फ मारायच्या आधी बॅटरीचा मायनस काढा, कारण उघडी वायर बॉडीला टेकली की आग लागते. जाड वायर एखादी असेल तर नीट जोडून टेप मारता येते. सेन्सरच्या बारीक वायरी तुटलेल्या असतील तर त्या वायरिंगवाल्याकडेच द्या. रंग बघून अंदाजाने जोडल्या तर कॉम्प्युटर जळतो.

सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही

आता दोनच प्रश्न: पेट्रोल पोचतंय का, आणि ठिणगी पडतेय का.

इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे साधारण २००० नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत, चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन सेकंद "ऊंऽ" असा पंपाचा आवाज येतो. खिडक्या लावून, पंखा बंद करून ऐका. आला नाही तर पंपाचा फ्यूज, मग रिले. तिथलाच त्याच नंबरचा दुसरा रिले, म्हणजे हॉर्नचा वगैरे, अदलाबदल करून बघता येतो. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा अजिबात लागत नसेल तर कॉम्प्युटरलाच करंट नाही, तोही फ्यूज बघा.

कार्बोरेटरच्या गाडीत थंडीत चोक ओढलाय ना, ते बघा. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर गाडी ओव्हर झाली आहे, म्हणजे पेट्रोल जास्त गेलंय. पाच-दहा मिनिटं थांबा, चोक पूर्ण आत ढकला, ॲक्सिलरेटर तळाला दाबून ठेवा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. भरपूर हवा आत जाऊन ती मोकळी होते. वास अजिबात नसेल तर पेट्रोल येतच नाही: फिल्टर तुंबलाय, पाइप चिरलाय किंवा एसी पंपाचा (इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा) पडदा गेलाय. एअर फिल्टरही उघडून बघा. मुरमाच्या रस्त्याची धूळ आणि जिनिंगच्या आसपासचा कापसाचा भुसा त्यात अक्षरशः गादीसारखा बसतो.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट अलीकडे वाढली आहे. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि एप्रिल २०२३च्या आधीच्या गाड्यांचे रबर आणि पाइप सहसा त्यासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल ओलावा ओढतं. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली आणि टाकीत पाणी गेलं तर ते इथेनॉलला घेऊन तळाशी वेगळं होतं, आणि पंप तळातूनच ओढतो. शंका असेल तर फिल्टरच्या पाइपमधून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, मोकळ्यावर, आगीपासून लांब, इंजिन गार असताना. दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करायचं काम आहे. रबरी पाइप दाबून बघा. चिरा, चिकटपणा किंवा ओल दिसली तर तो आजच बदला, गाडी चालत असली तरी. गरम इंजिनावर पेट्रोलचा थेंब पडणं म्हणजे आग.

ठिणगी तपासायची तर प्लगची वायर आणि प्लग काढा, प्लग वायरमध्ये खोचा, आवरण असलेल्या पकडीने धरून त्याचं लोखंड इंजिनला टेकवा आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. निळसर, टणक ठिणगी हवी. हातात धरू नका, आणि आसपास पेट्रोल सांडलेलं असेल तर हा प्रयोगच नको. प्लग काळा-ओला असेल तर पुसा, वाळवा, किंवा नवे प्लग घ्या, फार महाग नसतात. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरचं (प्लगना करंट वाटणारा भाग) झाकण काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा. आत केसासारखी काळी रेघ दिसली तर ती तडा आहे, करंट तिथून पळतो. पद्मिनी-ॲम्बेसिडरच्या डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटमध्ये (उघडझाप करून ठिणगी पाडणारे कॉन्टॅक्ट) साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर अंतर हवं. ज्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, तिथे ही ठिणगीची तपासणी घरी करू नका.

दुपारी गरम झाल्यावरच रुसणारी गाडी

मांजरसुंब्याचा घाट चढून वर चहाला थांबलात आणि गाडी पुन्हा चालू होईना, हे मे महिन्यात ठरलेलं. ओम्नीत जास्त, कारण इंजिन सीटखाली कोंडलेलं. कार्बोरेटरच्या गाडीत पाइपमधलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. बॉनेट किंवा सीट उघडा, पंपावर आणि पेट्रोलच्या पाइपवर ओलं फडकं ठेवा, डिस्ट्रिब्युटरवर पाणी पडू देऊ नका. पंधरा-वीस मिनिटांत चालू होते.

त्याने फरक पडत नसेल तर गरम अवस्थेतच ठिणगी तपासा. गार असताना ठिणगी आहे आणि गरम झाल्यावर नाही, म्हणजे कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग), नाहीतर इंजेक्शनच्या गाडीत क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा). हे दोन्ही गार झाल्यावर शहाण्यासारखे वागतात, म्हणून गॅरेजला नेईपर्यंत दोष सापडत नाही. बिघडते त्याच क्षणी तपासा, नंतर नाही.

डिझेल

डिझेलला प्लगची ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेवर चालतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे ती चालू होत नसेल आणि उन्हं आल्यावर होत असेल तर हीटर प्लग किंवा त्याचा रिले. हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारा. डिझेल संपून बंद पडली असेल तर नुसतं डिझेल भरून चालत नाही, पाइपमध्ये हवा धरते. फिल्टरवरचा हातपंप मारून, एअरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे जाईपर्यंत हवा काढावी लागते. नोझलचे पाइप मात्र स्वतः सोडू नका, आणि सीआरडीआय (नव्या पद्धतीच्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल) गाडीत तर मुळीच नाही. तिथला दाब कातडीतून आत घुसतो.

इथे थांबा, माणूस बोलवा

पुराच्या पाण्यातून काढलेली किंवा पाण्यात बंद पडलेली गाडी. २०२५च्या सप्टेंबरातल्या पुरानंतर किती गाड्यांचे कनेक्टिंग रॉड वाकले, ते कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि सेल्फ मारला, तर पाणी दाबलं जात नाही, लोखंड वाकतं. एकदाही चावी फिरवू नका. बॅटरीचा मायनस काढा आणि गाडी उचलून न्या.

सेल्फचा आवाज एकदम बदलून हलका, सपाट झाला, मधला ठेका गेला, म्हणजे टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. कॅमशाफ्टवरून फिरणारा डिस्ट्रिब्युटर असेल तर झाकण काढून बघा: सेल्फ मारताना आतला रोटर फिरत नसेल तर खात्री झाली. पुन्हा सेल्फ मारू नका. काही इंजिनांत त्याने व्हॉल्व्ह वाकतात.

याशिवाय: पेट्रोल गळतंय, वायर जळाल्याचा वास येतोय, फ्यूज पुन्हापुन्हा उडतोय, गॅस किटला वास येतोय, ऑइलच्या काडीवर दुधाळ पांढरं ऑइल दिसतंय, किंवा सेल्फ मारल्यावर "खाड्" असा लोखंडी आवाज येऊन इंजिन अडकलंय. यातलं काहीही असेल तर घरचे प्रयोग बंद.

फोन करताना मिस्त्रीला नुसतं "चालू होईना" म्हणू नका. आवाज कोणता येतो, बॅटरीवर किती व्होल्ट आहेत, शेवटची केव्हा चालली, त्याआधी काय काम झालं, आणि तुम्ही काय-काय करून पाहिलं ते सांगा. तो योग्य सामान घेऊन येईल आणि तुमची दुसरी चक्कर वाचेल. टोचन लावून न्यायची वेळ आलीच तर चावी ऑनवर ठेवा, नाहीतर वळणावर स्टेअरिंग लॉक होईल. इंजिन बंद असताना ब्रेक जड लागतो, तो दोन-तीनदा दाबल्यावर तर फारच जड होतो, म्हणून पूर्ण पाय देऊन आधीपासून दाबा. दोर ताठ राहील एवढं अंतर ठेवा, आणि घाटात उतारावर टोचन लावूच नका, तिथे गाडी उचलून नेणारी क्रेनच बोलवा.